साडेदहाचा धबधबा

धबधबा कुणाच्या मालकीचा असतो, हा प्रश्न मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. आभाळ, डोंगर आणि सरपंच बेलार्मिनोचा कुत्रा यांच्याप्रमाणे धबधबाही सगळ्या गावाचा, अशी माझी समजूत होती. या समजुतीपायी गेल्या जुलैत मी एका सरकारी इंजिनियरबाईंच्या डोळ्यांदेखत गळ्यापर्यंत पाण्यात उभा होतो. डोक्यावर टोपी नव्हती आणि एका पायात बूट नव्हता. टोपी नंतर सापडली.

मी आदेलिनो किंतेला. तालुक्याच्या पोस्टात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा पोस्टमास्तर म्हणून. निवृत्त होऊन जन्मगावी, म्हणजे पोर्तुगालच्या डोंगरांतल्या वाल द उर्झेला परतलो आणि गावाने पंचायतीचं चिटणीसपद माझ्या गळ्यात घातलं. गावात माणसं एकूण त्रेचाळीस. सरकारी पत्र वाचताना ज्याच्या तोंडून शिवी निघत नाही असा त्यांच्यात मी एकटाच, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली. पोस्टाने मला दोन गोष्टी दिल्या : पाठदुखी आणि वेळेची शिस्त. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर मी मनगटावरचं घड्याळ लावतो. माझी बायको ग्रासिएत म्हणते, की लग्नातसुद्धा मी पाद्रीबाबांना उशीर झाल्याबद्दल हटकलं होतं. तो उशीर नऊ मिनिटांचा होता, हे ती सांगत नाही.

तर मे महिन्यात एक पत्र आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या गावावरून तालुक्याला जाणारी बस प्रवाशांअभावी उन्हाळ्यानंतर बंद करण्यात येईल, असा मजकूर होता. गावात कॉफीचं दुकान एकच आणि ते सरपंचाचं, त्यामुळे पंचायतीच्या बैठका तिथेच होतात. बेलार्मिनोने पत्र दोनदा वाचलं, घडी करून गल्ल्याखाली सरकवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोस्टमास्तर, हे बाहेर कुठे बोलायचं नाही. फेलिझ्मिनामावशीच्या कानावर गेलं तर म्हातारी हाय खाईल."

ते खरं होतं. फेलिझ्मिनामावशी एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांचे यजमान फिर्मिनो दोन वर्षांपासून तालुक्याच्या वृद्धाश्रमात आहेत. त्यांना आता कुणीच ओळखू येत नाही, बायकोसुद्धा. पण मंगळवारी आणि शुक्रवारी मावशी पाल्याचं सूप आणि मक्याची भाकरी घेऊन जातात, तेव्हा ते पोटभर जेवतात. इतर दिवशी चमचा पुढे केला की तोंड फिरवतात, असं तिथली नर्स सांगते. आमच्या बसला प्रवासी नाहीत असं सरकारचं म्हणणं होतं, आणि प्रवासी मोजायला आलेला माणूस बहुधा बुधवारी आला असावा.

मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तीन नंबरच्या खिडकीने पाच नंबरकडे पाठवलं, पाच नंबरची खिडकी जेवायला गेली होती. दोन तासांनी ती परतली आणि तिने मला एक रस्ता दाखवला : नगरपालिका भटकंतीच्या वाटांचा नकाशा काढते आहे, पायी हिंडायला शहरातली माणसं येतील, आणि नकाशावर जे गाव येईल त्याची बस राहील. अर्ज चौदा पानी होता. त्यात 'मार्गावरील प्रमुख आकर्षण' अशी एक ओळ होती. जुनी गिरणी, चेस्टनटची राई, सात किलोमीटरची डोंगरवाट हे सगळं लिहून झाल्यावर मी त्या ओळीवर ठळक अक्षरांत 'धबधबा' असं लिहिलं आणि मार्चमध्ये काढलेला फोटो चिकटवला. मार्चमध्ये आमचा धबधबा खरोखरच बघण्यासारखा असतो.

जुलैत तो नसतो. जूनअखेरीच्या सांव जुआंवच्या सणापासून ते सप्टेंबरअखेरीच्या सांव मिगेलच्या सणापर्यंत ओढ्याचं पाणी शेतांचं. धबधब्याच्या वर बंधारा आहे. त्याची फळी खाली टाकली की सगळं पाणी पाटाने मक्यात जातं आणि खाली कडा कोरडा पडतो. प्रत्येक घराची पाळी ठरलेली आहे, दर नऊ दिवसांनी येते, आणि ती कुठेही लिहिलेली नाही. ती पणजोबांच्या डोक्यातून आजोबांच्या डोक्यात अशी उतरत आली आहे. पूर्वी या पाळ्यांवरून गावात फावडी चालली आहेत, आणि दफनभूमीत त्याचे दोन पुरावे आहेत.

जुलैच्या दहा तारखेला दुसरं पत्र आलं. शनिवारी, एकोणीस तारखेला, सकाळी साडेदहा वाजता इंजिनियर श्रीमती ओंदिना साल्गेरो धबधब्याची प्रत्यक्ष पाहणी करतील. डोळ्यांनी जे दिसेल त्याचीच नोंद होईल. हे शेवटचं वाक्य अधोरेखित होतं.

मी तारीख बदलून मागितली. तारीख बदलण्याचा अर्ज पाहणीच्या पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, असं पाच नंबरने फोनवर सांगितलं. पाहणीचं पत्रच नऊ दिवस आधी आलं आहे, असं मी म्हणालो. "मग तुम्ही उशीर केलात," खिडकी म्हणाली. मला, आदेलिनो किंतेलाला, उशीर केलात म्हणाली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

संध्याकाळी दुकानात सल्ले सुरू झाले. बेलार्मिनोचं म्हणणं, बाईंना दुकानात बसवून खायला घालायचं, शोरिसो सॉसेज, चीज, वाइन, मग कडा ओला आहे की कोरडा हे त्यांना कुठे कळतंय! मेंढपाळ हेर्मेनेजिल्दो म्हणाला, अग्निशमन दलाचा टँकर वर चढवा आणि नळी सोडा. टँकर वर कसा चढणार असं विचारल्यावर तो म्हणाला, "आता सगळं मीच सांगायचं का?"

"आधी हे सांगा, एकोणीस तारखेला सकाळी पाळी कुणाची?" मी विचारलं.

"नऊ ते अकरा फेलिझ्मिनामावशीची," बेलार्मिनो म्हणाला. "पुढची माझी. माझी तुला देऊन टाकली. पण मावशीचं तूच बघ. मी त्या वाटेला जाणार नाही."

ग्रासिएत घरी वाट बघत होती. ती समुद्रकाठची. आमच्या गावाच्या पाण्याच्या भानगडी तिला तेहतीस वर्षांत कळलेल्या नाहीत, आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नाही. "अर्ज करताना म्हातारीला विचारलं होतंस?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. "फोटो तिच्या पाण्याचा, सही तुझी," असं म्हणून तिने माझ्यासमोर सूप ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेलो. त्या अंगणात शेंगा सोलत होत्या. मी प्रस्तावना जरा लांबवली : पर्यटन, प्रदेशाचं वैभव, गावाचं नाव. मावशींनी अर्धी टोपली सोलून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे शहरातल्या बाईला दगड धुतलेला दाखवायचा, म्हणून माझा मका वाळवायचा?"

"मावशी, फक्त एक तास..."

"एका तासात खालच्या तीन सऱ्या भिजतात. त्या तू भिजवणारेस? आदेलिनो, तुझा बाप दारं धरायला यायचा तेव्हा फावडं त्याच्या हाताला चिकटलेलं असायचं. तुझ्या हाताला शाई तेवढी चिकटली. जा, घरी जा."

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो. कडी हातात धरून उभा राहिलो. बसबद्दल बोलणार नाही असा बेलार्मिनोला शब्द दिला होता, पण तो शब्द पाळून मी या बाईचं काय भलं करत होतो ते मला समजेना. मी परत फिरलो आणि बसचं सगळं सांगून टाकलं.

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला इतकं वाईट वाटलं की मी घड्याळाकडे बघितलं. वाईट वाटलं की मी घड्याळाकडेच बघतो. माझ्या मनगटावर सहा वाजले होते. आत भिंतीवर मावशींच्या घड्याळात पाच. बिचाऱ्या, घड्याळसुद्धा मागे पडलंय, असं माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

"त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं उतरत नाही रे," मावशी अखेर म्हणाल्या. मग पदर झटकावा तसा त्यांनी एप्रन झटकला. "दहापर्यंत माझं. दहाला फळी उचलते. पुढे तू आणि तुझा दगड."

मी हिशेब केला. दहाला फळी उचलली की पाव तासात पाणी कड्यावर येतं, साडेदहाला भरात. मी मावशींचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मला सोललेल्या शेंगा दिल्या.

शनिवार उजाडला. रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वडिलांची टोपी, बूट पॉलिश केलेले. डोंगरवाटेला पॉलिश कशाला, असं ग्रासिएतने विचारलं. सरकारसमोर मी असाच जातो, असं मी सांगितलं.

इंजिनियरबाई साडेनऊलाच हजर झाल्या. वयाने पस्तिशीच्या, पाठीवर पिशवी, पायात दणकट बूट, बोलणं मोजकं. बेलार्मिनोने सकाळपासून टेबल मांडून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "आभारी आहे, मी खाऊन आले आहे. कॉफीही नको."

कॉफीला नाही म्हणणारा माणूस आमच्या गावात याआधी एकच आला होता, आणि तो वीज तोडायला आला होता.

बाई चालायला लागल्या आणि माझ्या लक्षात आलं, की या बाईला थांबवणं म्हणजे उतारावरची गाडी हाताने थांबवणं. गिरणीपाशी मी माझ्या आजोबांची गोष्ट सुरू केली. त्या वळणापर्यंत पोचल्या, मी गोष्ट ओरडत पुढे सांगत राहिलो. चेस्टनटच्या राईत सर्वांत जुन्या झाडाला मिठी मारून घेर मोजायची पद्धत आहे, असं मी जागच्या जागी रचलं. त्यांनी खिशातून फीत काढली, झाड मोजलं, आकडा लिहिला आणि पुढे निघाल्या. दहा वाजून गेले होते. मी कान देऊन चालत होतो. दहा वाजून पाच, दहा वाजून बारा. पाण्याचा आवाज या वळणावर यायला हवा. माझ्या श्वासाचा तेवढा येत होता.

दहा पंचवीसला आम्ही कड्यासमोर उभे राहिलो.

कडा कोरडा होता. वाळलेलं शेवाळ होतं, एक सरडा ऊन खात बसला होता, आणि खालच्या डोहात गुडघाभर पाणी उरलं होतं. इंजिनियरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सरड्याकडे पाहिलं.

"अर्जातला धबधबा हाच का, सेन्योर किंतेला?"

"हाच. तो... साडेदहाला येतो."

"येतो?"

"पाच मिनिटं आहेत अजून."

साडेदहा झाले. दहा चाळीस झाले. इतकी लाज मला पोस्टात एकदाच वाटली होती, बिशपसाहेबांचं पार्सल हरवलं तेव्हा. मावशींनी शब्द फिरवला असं मनात आलं, मग त्या बंधाऱ्यावर पडल्या तर नसतील असं आलं. धावत वर जावं तर बाई इथे कोरड्या दगडाची नोंद करून निघून जातील, आणि मावशींची मंगळवारची सुपाची किटली कायमची घरीच राहील. मी तिथेच उभा राहिलो आणि पोर्तुगालच्या पर्जन्यमानावर बोललो. वीस मिनिटं बोललो. त्यातलं एक अक्षर मला आता आठवत नाही.

"मी उंची तरी मोजून घेते," बाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली आणि वरच्या रकान्यात काहीतरी एक शब्द लिहिला. छोटा शब्द होता. मग त्या दगडांवरून खाली उतरल्या, डोहाच्या मधोमध एक सपाट खडक आहे त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि कड्याकडे तोंड करून यंत्र डोळ्याला लावलं.

खाली गावात चर्चच्या घड्याळाचे ठोके पडले. अकरा. ते घड्याळ विजेवर चालतं, सरकारी वेळ दाखवतं, माझ्या घड्याळाशी बरोबर जुळतं. याचा मला नेहमी अभिमान वाटतो. आठवा ठोका पडत असताना मला मावशींची भिंत दिसली. माझ्या मनगटावर सहा, त्यांच्या भिंतीवर पाच.

ते घड्याळ मागे पडलेलं नव्हतं! सरकार मार्चअखेरीस घड्याळाचा काटा तासभर पुढे ढकलतं. बसला, बँकेला, चर्चला ते मान्य आहे. पाण्याला नाही. पाण्याच्या पाळ्या आमच्या गावात जुन्या वेळेवर चालतात, काटा ढकलायची पद्धत नव्हती तेव्हापासून. सूर्याला कुणी ढकललेलं नाही, असं माझे वडील म्हणायचे. लहानपणी मी हे रोज ऐकलं होतं. चौतीस वर्षं रेडिओचे ठोके ऐकून ते कानातून निघून गेलं होतं. आणि गावात मला कुणी आठवण केली नाही, कारण हे सांगावं लागतं असं गावात कुणाला वाटत नाही.

मावशींचे दहा आत्ता वाजत होते. मावशींची फळी आत्ता उचलली जात होती.

"बाई! वर या!" मी ओरडलो.

"एक मिनिट, सेन्योर किंतेला. हात हलतोय."

"बाई, धबधबा येतोय!"

"हो, तुम्ही अर्ध्या तासापूर्वीही म्हणालात."

फक्त ओढ्याचं पाणी असतं तर ते हळूहळू, पाव तासाने, सभ्यपणे आलं असतं. पण मावशींनी, हे मला नंतर कळलं, माझा दगड चांगला दिसावा म्हणून शेवटची काही मिनिटं पाटही बंद केला होता. बंधारा काठोकाठ तुंबवला होता. त्यांच्या स्वतःच्या तासातलं पाणी त्यांनी माझ्यासाठी साठवलं होतं. वर डोंगरात जे गडगडलं ते ऐकून सरडा पळाला. मीही पळालो, पण खालच्या दिशेने. सदुसष्टाव्या वर्षी, पॉलिशच्या बुटांनी, मी त्या दगडांवरून कसा उतरलो हे मला सांगता येणार नाही. खडकावर पोचलो, इंजिनियरबाईंना दंडाला धरलं आणि कपारीवर ढकललं. सरकारी अधिकाऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. पुढच्या क्षणी कड्यावरून धबधबा आला आणि मला घेऊन गेला.

तो मला फार लांब नेऊ शकला नाही, डोह संपतो तिथे विलोच्या झाडाची मुळं आहेत. त्यांना धरून मी उभा राहिलो. पाणी बर्फासारखं गार होतं. नाकातोंडातून पाणी काढून वर पाहिलं तर इंजिनियरबाई कपारीवर पाठ टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक, वही छातीशी. आणि त्यांच्यासमोर तो. मार्चमधल्या फोटोपेक्षा दुप्पट. उन्हात त्यावर इंद्रधनुष्यसुद्धा पडलं होतं, जे मी अर्जात लिहायला धजलो नव्हतो.

खांद्यावर फावडं टाकून फेलिझ्मिनामावशी वाटेने उतरत आल्या. काठावर थांबल्या आणि मला न्याहाळलं.

"दहाला सोडलं की नाही?"

"अकरा वाजलेत, मावशी," मी दात वाजवत म्हणालो.

"तुझ्या पोस्टात." त्यांनी फावड्याचा दांडा पुढे केला. "धर. शर्ट तरी कशाला पांढरा घातलास, मुडद्या!"

इंजिनियरबाईंनी वही उघडली. मग त्यांनी विचारलं, की हे पाणी नेमकं किती वाजता कुठे असतं. मावशींनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी उगवतीपासून सावली शिळेवर येईपर्यंत हेर्मेनेजिल्दोचं घर, मग विधवा जर्त्रूद, नऊ दिवस, एकेक घर, एकेक तास. मेलेल्यांच्या पाळ्या कुणाकडे गेल्या तेही. बाई लिहीत होत्या. मी थरथरत उभा होतो. कुठेही न लिहिलेली गोष्ट पहिल्यांदा लिहिली जात होती आणि ती चिटणिसाने लिहिलेली नव्हती, हे माझ्या मनाला लागलं.

"पण मग ज्या तासाला पाणी वर असतं," बाई म्हणाल्या, "तेव्हा पर्यटकांनी इथे येऊन बघायचं काय?"

मावशींना प्रश्नच कळेना. "बघायचं काय म्हणजे? वर यायचं. आम्ही दारं धरतो ते बघायचं. आणि फावडं रिकामं असलं तर धरायचं."

बाईंनी वरच्या रकान्यातला तो छोटा शब्द खोडला. मग दुकानात येऊन त्यांनी दोन कॉफ्या घेतल्या आणि शोरिसोची अख्खी बशी संपवली. ग्रासिएतने मला घोंगडीत गुंडाळलं. जन्मभरात ती इतकी कधी हसली नव्हती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. वाट मंजूर, बस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालू. अट एकच : धबधब्यापाशी पाण्याच्या पाळ्यांचा फलक लावावा आणि त्यावर वेळ कुठली ते स्पष्ट लिहावं. फलकाचं वळणदार अक्षर माझं आहे.

मंगळवारी सकाळी मी बसथांब्यावर गेलो. समोरच मावशींचं शेत. मका हिरवागार होता, खालच्या तीन सऱ्या सोडून. त्या पिवळ्या पडून माना टाकून उभ्या होत्या. मावशींनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. पुढच्या खेपेला माझ्या घरच्या पाळीचा अर्धा तास मी त्यांच्या पाटात वळवला होता, स्वतः फावडं धरून. हाताला चार फोड आले आणि ग्रासिएतचे टोमॅटो गेले, पण त्या तीन सऱ्यांना ते पाणी उशिराच पोचलं.

मावशी आल्या. काळी शाल, हातात सुपाची किटली, फडक्यात बांधलेली भाकरी. माझ्या शेजारी बाकावर बसल्या. शेताकडे त्यांनी पाहिलं नाही, मी पाहतोय हे मात्र पाहिलं.

"किती वाजले रे?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला वेळ कधी विचारली नव्हती. मी बाही वर केली. रेडिओचे ठोके ऐकून लावलेलं, मिनिटाचीही चूक नसलेलं माझं घड्याळ नऊ दाखवत होतं.

"आठ, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि किटलीचं झाकण दाबून बसवलं. वळणावर बसचा भोंगा वाजला.